वायपरच्या मोटरीला लावलेला रंग

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी आमच्या जुन्या अँबेसिडरची वायपरची मोटर खोलली, पुसली आणि गाडीच्याच पांढऱ्या रंगानं तिला रंगवलं. तिला गाडीशी धरणारी पट्टी रंगवली, नटबोल्ट रंगवले, बोल्टांची भोकंसुद्धा सोडली नाहीत. रंग वाळल्यावर मोटर परत बसवली आणि लांब उभा राहून बराच वेळ बघत राहिलो. चालवून मात्र पाहिली नाही. आभाळ कोरडं होतं, आणि आपणच केलेलं काम पुन्हा तपासणं मला जरा अपमानाचं वाटतं.

एवढा थाट कशासाठी, तर यंदा गाडीत बाप्पा बसणार होते. माझी सासुरवाडी अहेरीच्या पलीकडे. तिथली मातीची मूर्ती दरवर्षी मेव्हणा चंद्रपुरातून एसटीनं, मांडीवर धरून नेतो. यंदा त्याचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘देव मी आणतो.’ सासूबाईंचा नेम असा, की मूर्ती पाटावर बसेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वय ऐंशीच्या घरात, त्यात साखरेचा आजार, आणि ऐकायचं कोणाचंच नाही. दुपारपर्यंत पोचायचा शब्द मी दिला होता.

चतुर्थीला सकाळी मूर्ती घेऊन मी आणि बायको चंद्रपुरातून निघालो. वाटेत आष्टीला आभाळ काळं झालं. तिथून फोन केला तर मेव्हण्याची बायको रडवेली झाली होती. “भाऊजी, लवकर या. आई डोळे मिटून भिंतीले टेकून बसली आहे. चहा नाई, गोळी नाई. आम्ही म्हणून थकलो.” पुढे जंगल लागलं, फोनची रेंज गेली आणि पाऊस असा कोसळला की समोरचा रस्ता पुसला गेला. मी ऐटीत वायपरचं बटण दाबलं. काहीच हललं नाही.

गाडी कडेला घेतली. फ्यूज पाहिला, वायरी हलवल्या, मोटरीला दोन चापट्या मारल्या, मग जरा गोंजारलंही. बायको मागच्या सीटवर, मूर्ती मांडीवर, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. घरी पोचेपर्यंत तो काढायचा नाही आणि मूर्ती खाली ठेवायची नाही, म्हणून ती बिचारी पायही हलवत नव्हती. “अहो, मान बाहेर काढून चालवा ना,” ती म्हणाली. तेही केलं. दहा-वीस हात गेलो आणि समोरून आलेल्या ट्रकनं सगळा चिखल माझ्या तोंडावर उडवला. एक जीप आली, पण टपावरही माणसं होती. कच्च्या मातीचा देव त्या पावसात कुठे चढवणार?

बॉनेट उघडून मी नुसता उभा राहिलो. सकाळपासून मी ‘देव नेतो आहे’ असं मनात घोकत होतो. रस्त्यात भेटेल त्याला सांगतही होतो. आता डोळ्यांपुढे भिंतीला टेकलेल्या सासूबाई होत्या आणि माझ्या हातात काही उरलं नव्हतं. लाज सोडून मी म्हणालो, “बाप्पा, माझ्याच्यानं नाही होत. तूच ने आता.” एवढंच. मंत्र नाही, श्लोक नाही.

झाडीतून एक माणूस आला. डोक्यावर घोंगडी, खांद्यावर कुऱ्हाड. “जय सेवा, भाऊ. काऊन थांबले?” मी सांगितलं. “मले गाडीतलं काई समजत नाई,” तो म्हणाला, “पण इंजन भिजून राह्यलं तुमचं.” त्यानं कुऱ्हाड बॉनेटच्या आत टेकवली आणि दोन्ही हातांनी घोंगडी वर धरली. मी काच पुसायला वाकलो. बटण मी चालूच ठेवलं होतं. तेवढ्यात कुऱ्हाड घसरली, खट्ट आवाज आला आणि वायपरनं माझ्या कानशिलात एक सणसणीत दिली.

“अरे, हा तर मारून राह्यला तुमाले!” तो खदखदून हसला. कुऱ्हाड काढली, वायपर थांबला. परत टेकवली, वायपर सुरू. कुऱ्हाडीचं पातं एकीकडे रंग खरचटलेल्या मोटरीला, दुसरीकडे गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकत होतं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मोटरीचं अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, गाडीच्या पत्र्यातून होतं, बोल्टांमधून. आणि मी मधे रंगाचा जाड थर देऊन बसलो होतो. बटण बंद केलं, बोल्ट सैल केले आणि त्याच्याच कुऱ्हाडीच्या टोकानं माझी सगळी कारागिरी खरवडून काढली. बोल्ट आवळले, बटण दाबलं. दोन्ही वायपर कवायतीसारखे डावी-उजवी करू लागले आणि मी भर पावसात “मोरया!” म्हणून असा ओरडलो की झाडावरची माकडं पळाली.

“सोडतो तुम्हाले, बसा,” मी म्हणालो. तो म्हणाला, “मी उलटीकडे चाललो. माय देव घेऊन बसली दिसली म्हणून थांबलो.” घोंगडी झटकून तो झाडीत गेलासुद्धा. नाव विचारायचं राहिलं. तो कोण होता याचा खल मी करत नाही. कुऱ्हाड घसरायची ती कुठेही घसरली असती, हेही मला कळतं. पण मी हात टेकले आणि मगच ती तिथे घसरली, एवढं मी पाहिलं आहे. देवासाठी म्हणून मी जे चढवलं, तेच त्याच्या वाटेत आलं होतं. ते खरवडल्यावर माझं काही कमी झालं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात अर्धं गाव छत्र्या घेऊन उभं होतं. ढोल वाजला. बाप्पा पाटावर बसले, रुमाल निघाला, आरती झाली आणि सासूबाईंनी तांब्या तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत मी तिथून हललो नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारणींना म्हणाल्या, “एवढ्या पाण्यात जावयानं देव आणला माह्या. असा जावई नाई भेटत कोणाले.” खरं काय ते आत्ताच सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर बायकोनं बाही ओढून मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं आणि हळूच म्हणाली, “रंगाचं सांगू नका तिले. इतक्या वर्षांत आज पयल्यांदा कौतुक करून राह्यली तुमचं. घ्या करून.”