लक्ष्मी बेल वाजवत नाही

नाना गेले त्या सकाळी मी सगळ्यात आधी पुढचं दार लावून घेतलं.

आज नानांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं. दार लावल्याचं हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शहरातल्या मलकपेठ भागातल्या दोन खोल्या सोडून आम्ही शहराबाहेरच्या या व्हिलांच्या कॉलनीत आलो. मोठं गेट, क्लबहाऊस, एका रंगाची घरं. दिवसभर सगळ्यांची दारं बंद, आत एसी.

आमचं तेवढं उघडं. नानांमुळे.

पूजा झाली की ते दार सताड उघडायचे आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसायचे. धोतर, बंडी, कपाळाला गंध. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक, "क्या साब, चाय पीते?"

दिवेलागणीला मी ऑफिसातून यायचो, तेव्हाही दार उघडंच.

"नाना, बेल आहे ना. ज्याला यायचंय तो वाजवेल."

"लक्ष्मी बेल वाजवत नाही रे."

स्वयंपाकघरातून सुषमा म्हणायची, "डाससुद्धा नाही वाजवत, नाना!"

नाना खदखदून हसायचे. दार तसंच.

खरं सांगतो, मला लाज वाटायची. गावच्या शाळेत शिकून इथवर आलो होतो. आता चारचौघांसारखं राहावं, एवढंच मनात.

एकदा तर समोरच्या स्वप्नाने, ती तेव्हा नवीनच राहायला आली होती, नानांना वॉचमन समजून हातात पार्सल दिलं. "अंकल, ये क्लबहाऊस में दे देना."

नाना गेले, देऊन आले. शिवाय पार्सल पोचल्याचं तिच्या घरी जाऊन सांगितलं आणि कॉफी पिऊन परतले.

मी चिडलो. "लोक तुम्हाला वॉचमन समजतात, नाना!"

"मग काय झालं? घर राखतोच की मी."

त्या दिवसापासून स्वप्ना त्यांना तातगारू म्हणायला लागली. तेलुगूत आजोबा.

आणि मग ती सकाळ. नाना पूजा करून खुर्चीत बसले, ते बसलेच. हातात जपमाळ तशीच.

बाहेर लोक मॉर्निंग वॉकला निघालेले. मला वाटलं, आता सगळे डोकावतील. म्हणून दार लावलं.

थोड्या वेळाने बेल वाजली. कॉलनीचा माळी होता. कुणाकडून कळलं कोण जाणे. ओंजळीत झेंडूची फुलं. मग स्वप्ना, रडत. मग कोपऱ्यावरचे रिटायर्ड डॉक्टर. मग गेटवरचे दोघे वॉचमन.

बेल वाजतच राहिली. चार वर्षं इथे राहून ज्यांची नावं मला माहीत नव्हती, ते नानांची एकेक गोष्ट सांगत होते.

दहाच्या सुमारास मलकपेठहून आत्या आली. बसायच्या आधी म्हणाली, "शिवा, उघड ते दार. माझ्या भावाच्या घरी माणसांनी बेल वाजवून यायचं का?"

उघडलं.

पण तेरावं झालं आणि मी पुन्हा लावून घेतलं. सवय, दुसरं काय.

घर छान आहे. थंड, शांत. देवाच्या कृपेने काही कमी नाही. पण वर्षभरात आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा कोण आलं असेल, तर पार्सलवाला.

गेल्या आठवड्यात सुषमाच म्हणाली, "अहो, डासांचंच कारण असेल तर जाळीचं दार बसवू या. तेवढं एक कारण तरी संपेल."

काल सुतार बसवून गेला. जाता जाता त्याच्याकडून बेलही काढून घेतली.

"अहो! आता पार्सलवाला काय करेल?"

"हाक मारेल."

सुषमा हसली. नानांना म्हणायची त्याच सुरात म्हणाली, "ऐकणार नाहीच तुम्ही."

आज सकाळी पूजा केली, नानांच्या फोटोला हार घातला. त्यांची खुर्ची उंबऱ्याच्या आत, पूर्वीच्या जागी आणून ठेवली.

कुणी इकडे आलात तर सरळ आत या. चहा आहेच.

नमस्कार करतो, नाना.

दार उघडलंय.