खांद्यावर घ्यायची फ्रेम

"वेल्डिंग करून द्या पटकन. मला दुपारी वाडीवर जायचंय," नर्सबाई म्हणाल्या.

मी आधी सायकलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. कोपर खरचटलेलं, पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली आणि सायकलीचं पुढचं चाक फ्रेमच्या पोटात घुसलेलं. बैलगाडीत घालून आणली होती बिचारी. आणि म्हणे वेल्डिंग!

"बाई, ही गेली," मी म्हटलं. "तुम्ही वाचलात हे नशीब समजा."

कर्जतला माझं सायकलचं दुकान. आता मुलगा बघतो, मी गल्ल्यापाशी बसून त्याच्या चुका काढतो. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. नर्सबाईंचं नाव कुसुमताई. आरोग्यकेंद्र खालापूरच्या अंगाला, पण त्यांच्याकडच्या वाड्या थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या. बाळंतपणं, लसी, औषधं, सगळं या एका बाईच्या अंगावर. मीटिंगला जायचं तर डांबरी रस्त्याने लांबचा पल्ला, आणि वाडीवर जायचं तर भाताच्या बांधावरून, ओढ्यातून आणि पुढे दगडांच्या पायवाटेने. दोन्हीला सायकल एकच.

सायकल म्हणजे खरं तर फ्रेम. चाक बदलता येतं, चेन बदलता येते, सीट तर गिऱ्हाईक दर वर्षी बदलून मागतं. फ्रेम मात्र एकदा घेतली की घेतली. फ्रेमचे पाइप जिथे एकत्र येतात त्या लोखंडी सांध्याला लग म्हणतात. कुसुमताईंना ऑफिसातून मिळाली होती लेडीज फ्रेम. साडी अडकू नये म्हणून तिला वरचा आडवा दांडा नसतो, दोन्ही पाइप खाली उतरलेले. बाजारात जायला झकास. पण मागे औषधांची पेटी, पुढे पिशवी आणि खाली दगड, असं झालं की सगळा मार हँडलच्या खालच्या लगवर येतो. तो लगच फाटला होता.

हे मी त्यांना समजावतोय तोवर बाहेर स्कूटर थांबली. आरोग्यकेंद्राचे डॉक्टर. पडल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. माणूस मनाचा चांगला, पण तोंडाने तापट.

"लागलं किती?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर. खरचटलंय."

"आज खरचटलंय. उद्या मान मोडेल. मग मी काय उत्तर देऊ? बास झालं. त्या घाटाखालच्या वाड्या बंद. त्यांना गरज पडली तर ते येतील खाली."

कुसुमताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "सर, चांगुणा कशी येईल खाली? दिवस भरत आलेत तिचे. पहिलं मूल वाटेतच गेलं तिचं, डोलीत. या वेळी मी वर येईन असा शब्द दिलाय मी तिला."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "गुप्ते, या वाटेवर टिकेल अशी सायकल आहे का? खरं सांगा, माल खपवायचा म्हणून सांगू नका."

"आहे की!" मी छाती काढून म्हटलं.

"ठीक आहे. ही एक शेवटची. ही मोडली किंवा या पुन्हा पडल्या, की वाड्या बंद."

आता मी काय दिलं असेल? आमच्या भागातला कुठलाही दुकानदार जे देईल तेच. डबलबार! वर एकाला दोन आडवे दांडे असलेली, दूधवाल्यांची फ्रेम. आमच्याकडे शेतकरी सायकल घ्यायला आला की आधी ती हलवून बघणार आणि म्हणणार, "हलकी वाटतीय रं, जरा वजनदार दाव." भाताचं पोतं कॅरिअरवर टाकून गिरणीत न्यायचं असतं ना! जड म्हणजे मजबूत हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की मी दुसऱ्या कशाचा विचारसुद्धा केला नाही.

"पण दांड्यावरून साडी कशी जाणार?" मी विचारलं.

"ते माझं मी बघते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या भातलावणीच्या बायका नेसतात तसा कासोटा घालून. युनिफॉर्मची पांढरी साडी, मागे घट्ट खोचलेली, पोटऱ्या उघड्या. सगळी बाजारपेठ दुकानांच्या पायऱ्यांवर आली. बाईंनी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. टांग टाकली आणि निघाल्या. मी माझ्या सायकलवरून मागे. ट्रायल घेतल्याशिवाय माल द्यायचा नाही हा माझा नियम.

डांबरी रस्त्यावर डबलबार हत्तीसारखी चालली. पायवाटेवर दगड आले, तरी हूं नाही की चूं नाही. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होतो. मग ओढा आला. पाणी गुडघ्याच्या वर, वेगात. पलीकडे भागी उभी होती. भागी म्हणजे वाडीतली सुईण, कुसुमताईंना न्यायला आलेली.

कुसुमताईंनी सायकल उचलली. म्हणजे उचलायला गेल्या. कमरेपर्यंत आली, पुढे येईना. त्यांनी पुन्हा जोर लावला, कशीबशी काखेत घेतली आणि पाण्यात शिरल्या. ओढ्याच्या मध्यावर सायकलीने त्यांना लोळवलं. बाई खाली, सायकल वर, पिशवी निघाली वाहत. मी धावलो. भागी माझ्या आधी पाण्यात. तिने एका हाताने पिशवी पकडली, दुसऱ्याने बाईंना, आणि हसत सुटली.

"अगं बाय! सायकल तुला आनतीय का तू सायकलीला गं?"

कुसुमताईसुद्धा नाकातोंडातलं पाणी काढत हसायला लागल्या. मला मात्र हसू येईना. मी तिथेच दगडावर बसलो. भागी थट्टेत बोलली, पण खरं तेच होतं. इतकी वर्षं सायकली विकल्या, आणि फ्रेम कशावर चालणार एवढंच बघत आलो. इथे पावसाळ्यात अर्धी वाट माणूस सायकलवर असतो आणि अर्धी वाट सायकल माणसावर!

"डॉक्टरांना यातलं बोलू नका," कुसुमताई म्हणाल्या. "ओढ्यात पडले ते पडणं धरायचं नाही."

"मी काही बघितलंच नाही," मी म्हटलं.

दुकानात परत आल्यावर बाईंनी मला बाजूला सारलं. "आता तुम्ही बोलू नका. मी उचलून बघते." आणि खरंच, ओळीने एकेक सायकल खांद्याला लावून बघायला लागल्या. मी बघत राहिलो. फ्रेम निवडायची ही रीत मी कधी बघितली नव्हती.

कॉलेजच्या पोरांची स्पोर्ट्स सायकल त्यांनी पिसासारखी उचलली. "हीच!" म्हणाल्या.

आता बोलायची पाळी माझी होती. "थांबा. ही टायर आणि फ्रेम यातली फट बघा. बोटसुद्धा जात नाही. आपली चिकट माती यात शिरली की चाक जाम. शिवाय टायर बारीक, मागे कॅरिअर बसवायला भोकं नाहीत. पेटी काय डोक्यावर घेणार?"

"मग रुंद फटीची, जाड टायरची, आणि उचलता येईल अशी द्या."

"अशी नसते हो!"

"ती काय आहे?" त्यांनी वर बोट दाखवलं.

छताच्या हुकाला एक फ्रेम टांगलेली होती. कंपनीने कधीतरी ऑर्डरीबरोबर पाठवलेली. साधा एकच दांडा, पण साइज लहान. साइज म्हणजे पेडलच्या आसापासून सीटच्या पाइपाच्या टोकापर्यंतची उंची. ती कमी, म्हणून दांडा खाली. पुरुष म्हणायचे, पोराची आहे. बायका म्हणायच्या, दांडा आहे. त्यामुळे ती तिथेच लटकून, वर धुळीचा थर. मी तर तिला विसरलोच होतो.

खाली काढली. पाइप लहान, म्हणून वजन कमी. पण जात भक्कम सायकलीचीच, त्यामुळे मागेपुढे फट ऐसपैस. जाड टायर आरामात बसणारा. कॅरिअरची भोकं जागेवर. कुसुमताईंनी दांड्याखाली खांदा घातला, उभ्या राहिल्या आणि दुकानात एक फेरी मारून आल्या. हात दोन्ही मोकळे.

"सुटले बाई!" त्या म्हणाल्या.

हल्ली पोरं डोंगरात चालवायच्या खास सायकली घेऊन येतात. मागे स्प्रिंग नसली की तिला हार्डटेल म्हणायचं म्हणे. आमच्या वेळी सगळ्याच हार्डटेल. स्प्रिंग फक्त सीटखाली, तीही कुरकुरणारी. पण फ्रेम बघाल तर तशीच, लहान, खाली दांड्याची, आणि त्यात लांब खांब घालून वर काढलेली सीट. मीही तेच केलं, लांब खांब घातला. चेनकव्हर काढलं, स्टँड काढला, दिव्याचा डायनॅमो काढला. जे जे उचलायला जड ते सगळं उतरवलं.

एक गोष्ट राहिली होती. दांडा खांद्याला रुतत होता. मी रबर गुंडाळलं, ते घसरायला लागलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी भागी खाली आली होती. तिने सायकल बघितली, कपाळाला हात लावला आणि कमरेची चिंधी काढून तिथेच एक चुंबळ वळली. हंडा डोक्यावर घेताना बायका खाली ठेवतात तीच कापडाची गोल गादी. ती दांड्याला सुतळीने करकचून बांधली.

"आता घे," ती कुसुमताईंना म्हणाली. "बग, टोचतंय का?"

टोचत नव्हतं. डॉक्टरांनी चुंबळ बघितली, कासोटा बघितला. "वाडीच्या तोंडाशी साडी नीट करत जा," एवढंच म्हणाले.

भादवा लागला. एका सकाळी कुसुमताई दुकानावरून जोरात गेल्या, नुसता हात दाखवून. भागीचा निरोप आला होता, चांगुणाचं पोट दुखायला लागलंय. त्या गेल्या आणि तासाभरात घाट दिसेनासा झाला. पाऊस असा काही कोसळायला लागला, की घाटातल्या ठाकुरवाडीकडून रेल्वेगाडीची शिटी ऐकू यायची पण डोंगर नावालाही दिसत नव्हता.

माझं कामात लक्ष लागेना. लग धरेल ना? पुढचं चाक धरणारा फोर्क मी नीट बघितला होता ना? ओढ्याला पाणी किती असेल? शेवटी दुपारी दुकान बंद केलं आणि निघालो. वाटेत डॉक्टरांची स्कूटर दिसली. त्यांनाही राहवलं नव्हतं. मला मागे बसवलं. दगडांच्या वाटेवर धक्के खात कशीबशी स्कूटर ओढ्यापर्यंत नेली.

ओढा लाल होऊन फुगला होता. नशिबाने पाऊस थांबला होता आणि पाणी उतरायला लागलं होतं, पण अजून पलीकडे जाण्यासारखं नव्हतं. आम्ही काठावर उभे. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते.

"मी परवानगी द्यायलाच नको होती," ते म्हणाले. "गुप्ते, ती सायकल मोडली असली ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही."

"मोडली असली तर मीच मला सोडणार नाही," मी म्हटलं.

पाणी दगडांच्या खाली गेलं, तेव्हा समोरच्या चढावर पहिल्यांदा दिसलं ते चाक. मग चुंबळ. मग त्याखाली कासोट्यातली पांढरी साडी. सायकल खांद्यावर घेऊन कुसुमताई उतरत होत्या, मागे पेटी डोक्यावर घेऊन भागी.

"काय झालं?" डॉक्टर ओरडले.

"मुलगी! दोघी बऱ्या आहेत!"

डॉक्टर मटकन स्कूटरच्या सीटवर बसले. माझा जीव असा भांड्यात पडला की डोळ्यांत पाणीच आलं. आणि तोंडातून काय निघावं?

"आणि फ्रेम?"

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका. कुसुमताई मात्र पाण्यातून येता येता हसत म्हणाल्या, "तीपण बरी आहे!"

भागीने पेटी स्कूटरवर दिली आणि ती वाडीकडे वळली. आम्ही परतायला निघालो. डांबरी रस्ता लागायच्या आधीचा तुकडा म्हणजे नुसती राड. स्कूटरची चाकं अर्धी आत गेली आणि इंजिन बंद पडलं. मारल्या किका, मारल्या, काही नाही. डॉक्टर हँडल धरून ओढतायत, मी मागून ढकलतोय, दोघेही मांड्यांपर्यंत चिखलात. कुसुमताईंनी शेजारून सायकल खांद्यावर घेऊन राड पार केली, रस्त्यावर टेकवली, टांग टाकली.

"मदत करू का, सर?"

"नको. तुम्ही व्हा पुढे, ओल्या आहात," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. बाई घंटी वाजवत निघून गेल्या. ते कमरेवर हात ठेवून त्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, "गुप्ते, वाड्या चालू राहू देत."

"हो, सर."

"आणि ही स्कूटर खांद्यावर घेता येत नाही, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं."

तेव्हापासून माझ्या दुकानात फ्रेम निवडायला कुणीही येवो, कुठे चालवणार हे मी नंतर विचारतो. आधी म्हणतो, जरा उचलून बघा.