पिल्लांवरची मरळ

गळवाल्या दोस्तांनो, परवा या फोरमवर मी कोकणातल्या बेटावर उन्हाळ्यात गळ टाकायचे नियम विचारत होतो. आज आपल्या दौंडच्या भीमेवरच एक नियम शिकलो.

पाणी बरंच खाली गेलंय. सकाळी डोहाच्या कडेला तांबड्या पिल्लांचा पुंजका वर येत होता. तिथंच गळ टाकला आणि हातभर मरळ लागली! दोन वर्षांत एवढा मासा मला कधी मिळाला नव्हता.

शेजारी गळ टाकून बसलेले सलीममामा उठून आले. "पिल्लं राखत हुती ती. आता दुसरे मासे खात्याल त्यांना. सोड."

"मामा, घरी दाखवून लगेच आणतो."

"तवर जगंल व्हय ती?"

गळ काढून मी तिला पाण्यात धरलं. ती हलेचना. मग एकदम शेपटीचा फटका मारून निसटली.

मामा बराच वेळ पाण्याकडं बघत होते. मग म्हणाले, "आली बघ पिल्लांखाली."

आता सायबर कॅफेतून लिहितोय, कारण घरात कुणालाच हे खरं वाटेना. तुम्ही कधी हातातला मासा सोडलाय का?