बंद म्हंजे मेली नाय

आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या यार्डातल्या तारांमधून वीज कधीच गेली नव्हती. नावड्याच्या बाजूला कुंपणाच्या आत उभे केलेले ते सरावाचे खांब. तारा दोन्ही टोकांना नुसत्या बांधलेल्या. तरीही मढवी मास्तर वर चढण्याआधी दर वेळी तपासणीची काठी तारेला लावत, मग वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी अडकवत, आणि मगच शिडीवर पाय ठेवत. शिकायला आलेले लाइनमन हसायचे. मीही पहिल्या दिवशी हसले होते. यात करंट कुठून येणार, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी मी तोंड मिटून उभी राहिले.

मास्तर मूळचे पावणे गावचे. घरची शेती कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, ते वीज कंपनीत हेल्पर म्हणून लागले, लाइनमन झाले आणि शेवटी शिकवायला आले. ‘लाईन बंद आहे’ म्हणणाऱ्याला ते शिडीवरून खाली उतरवत. "बंद म्हंजे मेली नाय. बंद केलेली कोन पन चालू करतो. तपासली, साकली लावली, मंग मेली." हे ते इतक्यांदा म्हणत की कॅन्टीनमधला चहा संपला तरी पोरं ‘चहा मेला’ म्हणायची. मास्तरही मग गालात हसत.

मी तिथे प्रशिक्षणाचं नियोजन करायला आले होते. एमबीएची पदवी, एसी केबिन, रंगीत तक्ते. भरती मोठी आहे, माणसं लवकर कामावर हवीत, असा वरून हुकूम होता. मी यार्डातला तीन आठवड्यांचा सराव चार दिवसांवर आणला आणि बाकीचं सगळं टॅबवर टाकलं. साहेबांनी बैठकीत पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, मी जाम खूश होते.

टॅबवरचे धडे इंग्रजीतून मराठीत करून घेतले होते. मास्तरांनी ते चष्मा लावून शब्दन्‌शब्द वाचले आणि तडक माझ्या केबिनमध्ये आले. इंग्रजीत स्विच ‘क्लोज’ केला म्हणजे वीज सुरू होते. भाषांतर करणाऱ्यानं त्याचं सरळ ‘बंद’ करून टाकलं होतं. त्याच शब्दांचे स्टिकर आम्ही उपकेंद्रांतल्या पॅनेलवरही लावून घेतले होते. म्हणजे वीज सुरू असल्याचा लाल दिवा, आणि त्याखाली लिहिलेलं ‘बंद’.

"मॅडम, यो शब्द मानूस मारील," ते म्हणाले.

मी लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, की मंजुरी झालेली आहे, पुढच्या आवृत्तीत बघू.

मास्तरांनी प्रमाणपत्रांवर सही करायचं नाकारलं. दोन दिवस गठ्ठा तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मी यार्डात गेले आणि म्हटलं, तुमच्या हट्टापायी या सगळ्यांच्या नेमणुका अडल्यात, त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं ते आता तुम्हीच सांगा. कुणाचं कुठं दुखतं हे मला बरोबर कळायचं. मास्तर खांबाशी बसून एकेक सही करत गेले. पेन सारखं थांबत होतं.

सचिन वाघमारे त्याच बॅचचा. तळोज्याकडे भर दुपारी खांबावर चढण्याआधी त्यानं उपकेंद्रात फोन करून विचारलं, बंद आहे ना? तिथेही नवाच माणूस, याच बॅचचा. त्यानं पॅनेलवरचा स्टिकर वाचून सांगितलं, बंद आहे. सचिननं ना काठी लावली, ना साखळी. ते त्यानं टॅबवर पाहिलं होतं. हाताला सवय लागावी एवढा वेळ मी ठेवलाच नव्हता. तो खांबावरच गेला. घरी बायको आणि दोन मुली. ज्या स्टिकरांना पुढची आवृत्ती लागणार होती, ते एका दुपारीत खरवडून निघाले.

चौकशीला मी फाइल घेऊन गेले होते. मंजुऱ्या, हुकूम, माझा सगळा बचाव. अपुऱ्या सरावावर या माणसांना पास कुणी केलं, असं चौकशी करणाऱ्यांनी मास्तरांना विचारलं. त्या शब्दाबद्दल, चार दिवसांबद्दल, माझ्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. "सही माजी हाय," एवढंच म्हणाले. निवृत्तीला काही महिने उरले असताना त्यांना निलंबित केलं. मला फाइल उघडावी लागली नाही, आणि मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण हायसंच वाटलं.

बाहेर जिन्यात ते भेटले आणि मला रडू फुटलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

"रडू नको बाय," ते म्हणाले. "तुला लाईनीतलं काय ठावं?"

आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरून गेले.

मला ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं, माझ्या केबिनमध्ये येऊन, उभ्या उभ्या. मी त्यांना बसा असंसुद्धा म्हटलं नव्हतं.