तळाची बाटली

आधी कबूल करा, हसणार नाही. मगच सांगते. आता काय सांगू तुम्हाला, त्या दुपारी मी माझ्या सख्ख्या मामांचा जीव घेतला होता! म्हणजे अर्धा तास तरी मला तसंच वाटत होतं.

मी समुद्र शिकते. हो, धाराशिवची! आमच्या घरी आठ दिवसांनी नळ येतो आणि मी कोकणात होडीतून समुद्राचं पाणी भरत फिरते. वरचं वेगळं, मधलं वेगळं, तळाचं वेगळं. समुद्राच्या पाण्याला थर असतात, आणि प्रत्येक थरात प्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. ते कोणत्या थरात किती आहेत आणि त्यांना तिथं खायला काय मिळतं, हे बघणं माझं काम. मामा म्हणतात, "पोरगी पाण्यासाठी लई लांब गेली."

तर त्या सुट्टीत धाराशिवच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर मोजावेत म्हणून मी नमुने घरी आणले. एसटीच्या हादऱ्यांनी एका बाटलीचं झाकण फुटलं. कोणत्या? तळाच्या! पावसाळ्यामुळं होडी नुकतीच बंद झालेली, म्हणजे तो नमुना गेला तर परत मिळायला दिवाळी उजाडणार.

घरी आल्या आल्या मी ते पाणी विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, वर मार्करनं 'तळ' लिहिलं आणि जरा वेळापुरती बाटली ओट्यावर ठेवली. त्यात फॉर्मलिन होतं. जीव सडू नयेत म्हणून घालतात ते. माणसाच्या पोटात गेलं तर विषच. पण बाटलीवर 'विष' लिहायचं सुचलं का? नाही! होडीतल्या वाऱ्यानं सर्दी झालेली, नाक बंद, डोकं जड.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "नळ आलाऽऽ!"

मग काय, घरात कुणी माणूस राहत नाही. आई घागरींवर, मी बाटल्यांवर, हे लहानपणापासूनचं. पाऊण तासात सगळं ताजं भरून ठेवलं आणि मी कपडे बदलायला आत गेले.

बाहेर आले तर ईट गावाहून मामा आलेले. उन्हातून येऊन घामाघूम, ओट्याशी उभे, मान मागं टाकून बाटली तोंडाला लावलेली. बाटलीवर माझ्याच अक्षरात 'तळ'!

मी किंचाळले. आईच्या हातातली कळशी पडली.

"मामा! किती प्यालात?"

"आर्धी. का गं?"

"ते पाणी न्हाय! समुद्राचं आहे, त्यात औषध आहे, हजारो जीव आहेत!"

मामांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. मग सावकाश खाली बसले.

"तरीच," ते म्हणाले. "पोटात वळवळ व्हायलीय."

दवाखान्याकडं निघालेल्या रिक्षात मी एका हातात ती बाटली, दुसऱ्यात मामांचा हात धरून रडत होते. मामी, त्यांच्या दोन मुली, सगळ्यांचे चेहरे डोळ्यांपुढं. काय सांगू त्यांना? संशोधन केलं म्हणून?

"रडू नको," मामा क्षीण आवाजात म्हणाले. "म्हशीला दोन टाइम पेंड घालायला सांग. आन् समद्यांना माझा शेवटचा जयभीम."

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी मामांच्या तोंडात बघितलं, पोट दाबलं, नाडी धरली. "खारट लागलं का?"

"न्हाय."

"घशात जळजळ?"

"न्हाय. ग्वाड लागलं की."

डॉक्टरांनी बाटली हुंगली. परत हुंगली. "ताई, याला तर नळाच्या पाण्याचा वास आहे, ब्लीचिंग पावडरचा. ही बाटली भरली कुणी?"

मी आठवायला लागले. ओट्यावर रांगेनं बाटल्या. नळ आलेला. एकेक उचलायची, शिळं पाणी मोरीत ओतायचं, दोनदा खळखळून ताजं भरायचं. माझा हात चाललाय, डोळे नळाच्या धारेवर. धार बारीक व्हायच्या आत उरकायचं! अंगठ्याखाली 'तळ' होतं की काय होतं, बघितलंय कुणी?

"म्या... मीच," मी म्हणाले.

मामा टुणकन उठून बसले. "म्हंजी मी मरत न्हाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तरी संध्याकाळपर्यंत इथंच बसा."

मामा वाचले, मी त्यांच्या गळ्यात पडून मनसोक्त रडले. पण रडता रडताच लक्षात आलं. तळ गेला मोरीत. आता माझ्या संशोधनाच्या सरांना काय सांगायचं?

दवाखान्यातूनच फोन केला. सर माझे रत्नागिरीकडचे, दारात विहीर असलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नमुना गेला तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं. परत आलीस की लिही."

परत गेले आणि लिहिलं. आमच्या प्रयोगशाळेची ती वही आजही कपाटात आहे. कुणाचा नमुना वादळात गेला, कुणाची होडी कलंडली, कुणाचा फ्रीज बंद पडला. त्यांच्या खाली माझ्या अक्षरात: 'नळ आला होता.'