बाराव्याचा बॅनर

२०१४ साली डहाणूजवळच्या आगर गावची वर्षा मुंबईला जाहिरातकला शिकायला निघाली, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं, पोर होड्या रंगवायला शिकणार. तिने समजावून पाहिलं आणि नाद सोडला. चार वर्षं तिने अक्षरांची वळणं घोटली, वेष्टनं आखली, पोस्टरं केली. पदवी मिळाली आणि वर्ग पांगला. हिना बंगळूरला मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये बटण कुठे बसावं ते ठरवते, तुषार बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टनं आखून जगतो. वर्षाने मात्र मुंबईत काही महिने फुकट उमेदवारी केली, खोलीचं भाडं झेपेना तेव्हा गाशा गुंडाळला आणि डहाणूला जतीनभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन बसली.

जतीनभाईंचा धंद्याचा एकच मंत्र. "वर्षाबेन, फोटो आला का पहिला फेस उजळ करायचा. पार्टी खुश, आपण खुश." नवरदेव असो की वाढदिवसाचे दादा, सगळ्यांना दुधात बुचकळून काढायचं. सुरुवातीला वर्षाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढे हाताला सवय लागली आणि त्या सवयीचीच तिला धास्ती वाटू लागली. "आधी बघा, मग हात लावा," असं कॉलेजातले सर सांगायचे. इथे बघायला फुरसत कुणाला? आपली नजर मरायच्या आत इथून निसटायचं, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

२०१९च्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका स्टुडिओने तिला चाचणीचं काम पाठवलं. क्रीमच्या जाहिरातीतल्या मुलीचा फोटो संध्याकाळपर्यंत तयार करून द्यायचा. पसंत पडला तर नोकरी. आणि नेमकं त्याच दिवशी बाराव्याच्या बॅनरचं काम आलं. शेजारचे रवींद्रकाका गेले होते. तिने घाईघाईने फोटो बसवला, फुलं लावली, छापून टाकला.

दुपारी त्यांची बायको, मैनाकाकी, बॅनर न्यायला आली. उलगडून बघतच राहिली.

"वर्षे, ह्यो कोन गो?"

"काकी, काकाच की."

"आमच्या ह्यांचं कपाळ असं नव्हतं."

वर्षाने वाकून बॅनर पाहिला. जन्मभर टोपी घालून समुद्रावर गेलेल्या काकांचं कपाळ दुरंगी होतं. टोपीखाली उजळ, त्याखाली करपलेलं. लहानपणी हीच वर्षा त्यांची टोपी पळवायची, ती रेघ बघून खिदळायची आणि काकाही हसायचे. आज तीच रेघ तिने डाग समजून पुसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बस काकी, आत्ता करते."

तिने मूळ फोटो काढला आणि माउसला हात न लावता बराच वेळ नुसती बघत राहिली. नवा बॅनर मशीनमधून सावकाश सरकू लागला. आधी केस, मग उजळ कपाळ, मग रेघ. रेघ दिसताच मैनाकाकीने पदर तोंडाला लावला.

"हां. ह्ये आमचे."

ती गेल्यावर वर्षाने चाचणीचा फोटो उघडला. सावळी मुलगी, नाकावर उन्हाने काळवंडलेला पट्टा. खाली सूचना होती, रंग दोन छटा उजळ करा. हात आपोआप माउसकडे गेला. ती उठली, दारापर्यंत जाऊन आली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. या मुलीचंही कुणीतरी घरी असेल. शेवटी तिने फोटोतला उजेड सुधारला, विस्कटलेले केस आवरले, रंगाला हात लावला नाही. सोबत एक ओळ लिहिली, "चेहरा तिचाच ठेवलाय," आणि पाठवून दिलं.

फोन आला नाही. शहाणपणा केला की हातची नोकरी घालवली, ते तिला ठरवता येईना. मोबाइल वाजला की ती दचकायची, रोज नवीन ठिकाणी अर्ज करायची.

पुढच्या आठवड्यात अच्छाड गावचा एक नवरदेव फोटो घेऊन आला. "ताई, जरा गोरा करा."

जतीनभाईंनी लगेच मान डोलावली. वर्षाने फोटो मोठा करून नीट पाहिला.

"करते," ती म्हणाली. "पण आधी आईला विचारून ये, ओळखेल ना?"