जितूने निवडलेला क्लच

गॅरेजवाल्या रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलो होतो. पलीकडून थोडा वेळ नुसता गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "संदीप, जितू गया... सुबह. वहिनी अजून दवाखान्यातच आहे." मी हो म्हणालो. पुढचा ट्रेलर सरकला तशी मीही गाडी पुढे घेतली. रडू आलं नाही. पहिल्यांदा जाणवला तो थकवाच. डायलिसिसच्या फेऱ्या करून करून आम्हा सगळ्यांच्या अंगात तो मुरला होता. उद्या सकाळी त्याला कुणी न्यायचं, हा नेहमीचा प्रश्न उद्या पडणार नव्हता... आणि मग त्या मोकळ्या सकाळचं काय करायचं, तेही सुचेना.

जितू, म्हणजे जितेंद्र, माझा कॉलेजपासूनचा मित्र. पळस्प्याच्या पुढे गोवा रस्त्याला लागून असलेल्या एका आगरी गावातला. वडिलांचे दोन ट्रेलर बंदरावर चालायचे, त्यांच्यामागे तो धंदा त्याने सांभाळला. घरात आई, बायको प्राची आणि तो. मी बंदरातल्या एका एजंटाच्या कचेरीत कामाला, त्यामुळे दिवसातून एकदा तरी आमची गाठ पडायचीच. गाडी मात्र त्याने हौसेने घेतली होती. टर्बोवाली पेट्रोल सेडान, तीही जुनी. बाहेरून बघाल तर एखाद्या बँकवाल्याची वाटावी अशी साधी, पांढरी. आत काय आहे ते रफीकभाईंना आणि त्यालाच ठाऊक. टर्बोचा दाब वाढवलेला, इंजिनाची ताकद मूळच्या जवळपास दुप्पट. रस्त्यावर तो ती शहाण्या माणसासारखी चालवायचा. जी काय मस्ती करायची ती वर्षातून एकदा-दोनदा, जुन्या धावपट्टीवर भरणाऱ्या ड्रॅग शर्यतीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत सुटायचं, संपलं. त्या एवढ्याशा वेळासाठी हा माणूस महिनोन् महिने तयारी करायचा.

ताकद वाढवली आणि कंपनीचा क्लच हात टेकू लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा, गाडी मात्र होती त्याच वेगात, आणि आत जळका वास. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवायचा तो या क्लचनेच, आणि त्याचीच पकड सुटत होती. तेव्हा जितूने, बाकी सगळे करतात तेच केलं. सर्वांत घट्ट पकडणारा क्लच आणला. प्लेटला सिरॅमिकचे तुकडे, मागे कडक स्प्रिंग. धावपट्टीवर गाडी अशी सुटली की आम्ही ओरडतच राहिलो. पण घरी येताना पळस्प्याच्या गर्दीत तीच गाडी पाऊल पाऊल हिसके देत चालली. त्या क्लचला मधलं काही माहीतच नव्हतं. पकडायचं नाहीतर सोडायचं, बस. पेडल इतकं जड की एकदा चालवल्यावर माझा गुडघा दोन दिवस दुखत होता. काकी, म्हणजे जितूची आई, एकदाच त्या गाडीतून पनवेलच्या बाजारात गेल्या. उतरल्यावर दाराला धरून म्हणाल्या, "आमी नाय बसनार परत. माणसाची गाडी हाय का ही? रिक्षा बरी." जितू खो खो हसला. प्राचीने तर किल्लीला हात लावणंच सोडलं.

मग त्याच्या पायांना सूज आली. आधी वाटलं, उन्हातान्हात उभं राहून असेल. तपासण्या झाल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाल्याचं कळलं. काकी म्हणाल्या, माझं काढा आणि त्याला घाला. पण त्यांना जुना मधुमेह, डॉक्टरांनी नकार दिला. दुसरं मूत्रपिंड मिळेपर्यंत आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुरुवातीला तो हट्टाने स्वतः गाडी चालवत जायचा. एकदा परतताना पळस्प्याच्या चौकातच त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला. डायलिसिसनंतर असे गोळे येतात, हे आम्हाला तेव्हा नवीन होतं. पेडल खाली जाईना, गाडी बंद पडली, मागे कंटेनरवाल्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. प्राची उतरून त्याच्या जागी बसली. तो क्लच तिला काही केल्या जमेना. सुरू केली की बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शेवटी दोन ड्रायव्हरांनी गाडी ढकलून कडेला लावली. मी पोचलो तेव्हा ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होती आणि जितू शेजारी पोटरी दाबत बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "क्लच बदलायला पायजे."

त्यानंतरचे कित्येक आठवडे त्याचं एकच चाललं होतं, क्लच निवडणं. डायलिसिसच्या पलंगावर एका हाताला नळ्या, दुसऱ्या हातात मोबाईल. त्यावर परदेशातल्या कुणीतरी लिहिलेले अनुभव वाचत बसायचा. घरात गाडी एकच, आणि ती आता दवाखान्याची गाडी झाली होती. मी आपला सरळ म्हणालो, टर्बोचा दाब कमी कर, कंपनीचा क्लच टाक, मोकळा हो. रफीकभाईंचं मत नेमकं उलट. "वहिनीसाठी छोटी ऑटोमॅटिक घे. हिला तशीच ठेव. दोन्ही कामं करणारा क्लच कुठलंच काम पूर्ण करत नाही, जितू. रस्त्यालाही थोडा कमी, रेसलाही थोडा कमी."

"थोडा कमी चालेल," जितू म्हणाला.

रफीकभाईंनी पाना ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आजवर जितूच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नव्हते.

प्राचीने त्याला एकदा माझ्यासमोरच विचारलं होतं, शर्यत सोडून का देत नाहीस म्हणून. रागाने नाही, दमून विचारलं होतं. त्याने मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "सोडली की आठवड्यात दवाखाना तेवढा उरतो गं." पुढच्या वेळी मी गेलो, तर दोघं मिळून मोबाईलमध्ये क्लचचे फोटो बघत होते.

शेवटी ठरला तो दोन प्लेटांचा. एकीच्या जागी दोन प्लेटा असल्या की पकडायला जागा जास्त मिळते, म्हणून स्प्रिंग फार कडक लागत नाही. पृष्ठभाग सिरॅमिकचा नाही, कंपनीच्या प्लेटसारखा मऊ, त्यामुळे गाडी हळूहळू उचलते. खोड एकच. एका मागोमाग एक जोरात सुटलात तर तापतो, आणि तापला की घसरतो. रफीकभाईंनी कुरकुरत का होईना, पण मन लावून तो बसवला. गाडी नुसती उभी असताना आतून बारीक खळखळ ऐकू यायची. प्राची घाबरली, काही तुटलं की काय. "तुटलं नाय. दोन भांडी एकत्र ठेवली की वाजणारच," जितू म्हणाला. पहिल्याच दिवशी तिने गाडी पनवेलला नेली आणि आणली. मी मागे बसलो होतो. पळस्प्याच्या चौकात तीच गर्दी, तेच हॉर्न... गाडी लोण्यासारखी सरकत गेली. बाहेर बघतो तोवर घर आलं होतं.

हिवाळ्यात शर्यत होती. त्याने टर्बोचा दाब थोडा उतरवून ठेवला होता, वजनही उतरलं होतं. गाडीचं नाही, त्याचं. धावपट्टीवर ऊन लागत होतं आणि पाणी मोजून प्यायचं म्हणून तो बर्फाचा खडा चघळत बसला होता. रांगेत आमची गाडी पुढे सरकत सरकत आली आणि पोटरीत पुन्हा गोळा आला. तो उतरला. गाडीच्या टपावर हात टेकून बराच वेळ उभा राहिला. मग संयोजकांशी बोलून आला आणि हेल्मेट प्राचीच्या हातात दिलं.

"मी?" ती म्हणाली. "मला दवाखान्यात नेण्याएवढीच येते."

"तशीच ने. फक्त थांबू नको."

ती खरंच बसली. दिवा हिरवा झाला तेव्हा शेजारची गाडी आधी सुटली, ही क्षणभर मागे राहिली. मग टर्बोने जोर धरला आणि ती आमच्यापासून लांब, लांब जात लहान झाली. हरली. बऱ्याच फरकाने हरली. परत आली तेव्हा हेल्मेट काढताना ती हसत होती, किती दिवसांनी कोण जाणे. "सुटला नाही रे क्लच," ती म्हणाली, "धरून होता." जितूने वेळ किती लागली ते विचारलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर सगळा वेळ तो झोपूनच होता. घाट उतरून खोपोली आल्यावर डोळे न उघडता म्हणाला, "बरोबर निवडला ना, संदीप?" मी म्हणालो, "एकदम बरोबर."

ती शेवटची शर्यत. पावसाळा लागला तसा तो खंगत गेला, मग संसर्ग झाला. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षा यादीत त्याचं नाव तसंच राहिलं.

दिवसकार्य आटोपून आता काही आठवडे झाले. गेल्या सोमवारी प्राचीला पनवेलला सरकारी कामाला जायचं होतं. म्हणाली, भाऊजी, सोबत या. ती चालवत होती, मी तिच्या शेजारी. प्राची चालवू लागल्यापासून त्या गाडीत पुढे, चालकाच्या शेजारी, मी पहिल्यांदाच बसत होतो. ती जागा नेहमी जितूची. पाय ठेवायला खाली बघितलं तर रबरी मॅटवर डाव्या बाजूला एक खळगा. टाचेएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. उजवीकडची नक्षी अगदी नव्यासारखी. मला काही कळेना. प्राचीच्या ते लक्षात आलं.

"त्यांचा पाय," ती समोर बघतच म्हणाली. "मी गिअर बदलला की तेही बसल्या जागी क्लच दाबायचे. प्रत्येक फेरीला, जाता-येता. झोपेतसुद्धा."

पुढे सिग्नल लागला. तिने क्लच दाबला, गाडी थांबली. माझे दोन्ही पाय मी उजवीकडे सरकवून घेतले, आणि पनवेल येईपर्यंत तसाच अवघडून बसलो.